भीती ताटात, धोका खुराड्यात

रमजान सुरू झाला की लोहा शहरात असरच्या नमाजनंतर रस्त्याकडेच्या गाड्यांवर गर्दी वाढते. खजूर, टरबूज, केळी, भजी, समोसे घेऊन रोजेदार घराकडे वळतात. कुणाच्या हातात अर्धा किलो चिकनची पिशवीही असते. 2025 मध्ये ती पिशवी हातात घेण्याआधी एक प्रश्न हमखास विचारला जायचा, "खायला हरकत नाही ना?" हा प्रश्न फक्त रोजेदारांचा नव्हता. त्या वर्षी शुक्रवारी, 14 मार्चला, धुळवड होती. रमजानचा जुम्मा आणि धुळवड एकाच दिवशी आले होते. इफ्तारनंतरचे सालन आणि धुळवडीचा रस्सा बहुतेक वेळा एकाच चिकन सेंटरवरून येतो. त्यामुळे शंकाही दोन्ही घरांत एकच होती.

या शंकेचे मूळ फार दूर नव्हते. 2025 च्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लोहा तालुक्यातील किवळा गावात दोन दिवसांत वीसच्या आसपास कोंबड्या दगावल्या. नमुने पुणे आणि भोपाळच्या प्रयोगशाळांकडे गेले. बर्ड फ्लूचे निदान झाले आणि गावाभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरावर निर्बंध आले. माळेगावच्या खंडोबाची यात्रा होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. ज्या तालुक्यात घोडे, उंट, गाढवे आणि बैलांचा एवढा मोठा बाजार भरतो, तिथल्या माणसाला जनावरांचे दुखणे नवे नाही. पण हे दुखणे माणसालाही होते म्हणतात, एवढ्या एका वाक्याने सगळा फरक पडला.

त्याच महिन्यात शेजारच्या लातूर जिल्ह्यात उदगीर शहरात पन्नासच्या आसपास कावळे मरून पडले होते. त्यांच्या मृत्यूचे कारणही बर्ड फ्लू असल्याचे भोपाळच्या अहवालातून समोर आले. अहमदपूर तालुक्यातील ढाळेगावात एका पोल्ट्री फार्मवर 4,200 पिल्ले मेली. त्याआधी डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले होते. फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातील गोदावरीकाठच्या जिल्ह्यांतून कोंबड्यांच्या मरीच्या बातम्या आल्या आणि तेलंगणाने सीमेवर कोंबड्यांच्या गाड्या तपासायला सुरुवात केली. देगलूर, बिलोली, धर्माबाद ही नांदेड जिल्ह्याची गावे त्याच सीमेला लागून आहेत.

तीन बातम्या, एक भांडे

भीती वाढण्याचे आणखी एक कारण होते. जानेवारीच्या सुरुवातीला एचएमपीव्ही नावाच्या विषाणूची चर्चा झाली. कोरोनाची आठवण ताजी असलेल्या लोकांनी लगेच टाळेबंदीचा विषय काढला. मग पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. तिथे दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले, पण चर्चा कच्च्या राहिलेल्या चिकनचीही झाली. तेवढ्यात बर्ड फ्लू आला. हे तिन्ही आजार वेगळे, त्यांचे जंतू वेगळे, पसरण्याची रीत वेगळी. मोबाइलवर मात्र तिन्ही बातम्या एकाच भांड्यात शिजल्या आणि बाहेर आली ती एकच ओळ, चिकन खाऊ नका.

अशी ओळ गावात कशी फिरते, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रथम कुणीतरी मेलेल्या कोंबड्यांचा फोटो पाठवतो. तो कुठला आणि कधीचा, हे कुणी विचारत नाही. मग त्याखाली गावाचे नाव येते. मग त्या गावच्या माणसाला बाजारात दोन जण विचारतात. तो "आमच्याकडं काही नाही" म्हणतो, तेव्हा तो लपवतोय अशी दुसरी बातमी तयार होते. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो अशी अफवा अशीच देशभर पसरली होती. सरकारने तसा कोणताही पुरावा नसल्याचे सांगितले, पण तोवर ब्रॉयलरचे दर कोसळले होते. काही ठिकाणी पोल्ट्रीवाल्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या, काहींनी पिल्ले पुरून टाकली. पुढच्या काही आठवड्यांत अफवेने दिशा बदलली आणि देशात अनेक ठिकाणी फळे-भाजी विकणाऱ्याचे नाव विचारून माल घेण्याचे प्रकार घडले. रोगाची भीती आधी वस्तूवर बसते आणि नंतर माणसावर. म्हणून ती वस्तूवर असतानाच तपासून घेतलेली बरी.

विषाणू राहतो कुठे

बर्ड फ्लू हा पक्ष्यांचा आजार आहे. त्याचा एच5एन1 हा प्रकार जगभर चर्चेत आला. रानबदके आणि स्थलांतर करणारे पाणपक्षी हा विषाणू दूरवर नेतात. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून, लाळेतून तो पाण्यात, खाद्यात, मातीत उतरतो. तिथून पुढे त्याला पंख लागत नाहीत. माणसाची चप्पल, अंड्यांचे ट्रे, पिंजरे, खाद्याची पोती, गाडीची चाके, एवढे पुरते. कावळा मेलेल्या पक्ष्यावर बसतो आणि स्वतःही मरतो.

माणसाला लागण होते ती बहुतेक वेळा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्याला हाताळताना, पिसे काढताना, खुराडे झाडताना. 2003 पासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत जगातील 24 देशांत मिळून साडेनऊशेच्या थोडे वर रुग्ण जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदले गेले. त्यातले जवळपास निम्मे दगावले. संख्या लहान आहे, पण आजार झाला तर तो गंभीर असतो, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. भारतात या विषाणूने माणसाचा पहिला मृत्यू 2021 मध्ये नोंदला गेला. हरियाणातील एक मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला. अमेरिकेत 2024 मध्ये हा विषाणू दुभत्या गायींमध्ये शिरला, 2025 च्या जानेवारीत तिथे पहिला मानवी मृत्यू झाला आणि अंड्यांचे दर विक्रमी पातळीवर गेले. माणसाकडून माणसाला सहज पसरण्याची ताकद त्याला अजून आलेली नाही. ती येऊ नये म्हणूनच शास्त्रज्ञ प्रत्येक गावातल्या प्रत्येक मरीवर नजर ठेवतात. किवळ्याचा नमुना भोपाळला जातो, तो याचसाठी.

आता ताटाकडे येऊ. हा विषाणू 70 अंश सेल्सिअस तापमानाला मरतो, फक्त ती उष्णता मांसाच्या आतल्या भागापर्यंत पोहोचली पाहिजे. रस्सा उकळतो तेव्हा भांड्यातले पाणी 100 अंशांच्या आसपास असते. मराठवाड्याच्या घरात, मग ते कोणत्याही मोहल्ल्यातले वा गल्लीतले असो, कोंबडी हाड सुटेपर्यंत शिजते. तिथे विषाणू टिकत नाही. घरात खरी जोखीम असलीच तर ती शिजवण्याआधी असते. कच्चे चिकन कापलेल्या सुरीनेच काकडी-कांदा चिरणे, तेच पाणी ओट्यावर उडू देणे, अर्धे कच्चे अंडे खाणे, या सवयी बर्ड फ्लू नसतानाही वाईटच. इफ्तारच्या घाईत, अजान होण्याआधीच्या दहा मिनिटांत, हे नेमके विसरले जाते.

म्हणजे लोकांची भीती आणि खरा धोका यांचे पत्ते वेगळे आहेत. भीती ताटात बसली आहे, धोका खुराड्यात. ताट टाळणारा माणूस निर्धास्त होतो. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उकिरड्यावर टाकणाऱ्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

भीती ओसरली, मृत्यू वाढले

भीती आणि धोका यांची पावले एकत्र पडत नाहीत, हे महाराष्ट्राने 2009 मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी 3 ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूने एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी होता. पुण्यात शाळा, चित्रपटगृहे, मॉल बंद झाले. नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. मास्कचा तुटवडा झाला, काळा बाजार झाला, ज्यांना मिळाला नाही त्यांनी तोंडाला रुमाल बांधला. कापूर आणि वेलचीच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या. त्याच ऑगस्टच्या उत्तरार्धात गणेशोत्सव आणि रमजान पाठोपाठच आले आणि मंडप असो वा मशीद, गर्दीचे काय करायचे, हा एकच प्रश्न दोघांपुढे उभा राहिला.

त्या वर्षी देशात स्वाइन फ्लूने 981 मृत्यू झाले. पुढच्या वर्षी, 2010 मध्ये, 1,763 झाले. तेव्हा रस्त्यावर मास्क नव्हते, रांगा नव्हत्या, पहिल्या पानावर बातम्याही नव्हत्या. 2015 मध्ये तर जवळपास तीन हजार माणसे गेली. पहिल्या मृत्यूला अख्खे राज्य हादरले आणि पुढच्या हजारो मृत्यूंना सरावले. भीती ही नवेपणाला असते. धोका मात्र सवयीत लपून राहतो.

कोंबड्यांच्या बाबतीतही तसेच झाले. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा 18 फेब्रुवारी 2006 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात आढळला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. रेल्वेने गाड्यांमध्ये चिकन देणे थांबवले. माणसांत तेव्हा लागण आढळली नाही. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या आणि पुन्हा तीच धावपळ झाली. प्रत्येक वेळी दोन आठवडे चिकन बंद, मग पुन्हा चालू. खुराड्याची स्वच्छता, दुकानातल्या कामगाराचे हातमोजे, मेलेला पक्षी पुरण्याची रीत, यांतले काही या मधल्या काळात बदलले का, हे मात्र कुणी विचारले नाही.

सांगणाऱ्याचे नुकसान

एखाद्या गावात कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर पहिल्यांदा कळते ते घरच्या बाईला. परसातल्या पाच-दहा गावरान कोंबड्या तिच्या असतात. अंडी विकून वही-पेन येते, तलंग विकली की दवाखान्याचा खर्च निघतो, पाहुणा आला की कोंबडा कापला जातो. बँकेत नसलेली ही तिची ठेव. सकाळी डालगे उचलल्यावर दोन मेलेल्या दिसल्या, उरलेल्यांचे तुरे निळे पडलेले दिसले, तर ती काय करेल? मानमोडी असेल म्हणून गप्प बसेल, की पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवेल?

कायदा सांगतो, कळवा. प्राण्यांमधील संक्रामक आणि सांसर्गिक रोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानुसार असा संशय आला तर पशुपालकाने कळवायचे असते. कळवल्यावर नमुने जातात. निदान झाले तर एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात, चुना टाकून पुरल्या जातात, खाद्य आणि अंडी नष्ट होतात, पुढे बराच काळ नवे पक्षी आणता येत नाहीत. भरपाई मिळते. 2021 मध्ये राज्याने अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये, मांसल कोंबडीला 70, पिल्लाला 20 आणि अंड्याला 3 रुपये असे दर धरले होते. बाजारात काही शे रुपयांना जाणाऱ्या गावरान कोंबडीसाठी हा हिशेब तुटपुंजाच. शिवाय भरपाई सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याची असते, आधीच मेलेल्याची नाही. म्हणजे उशीर करणाऱ्याचे नुकसान जास्त. तरीही लोक उशीर करतात, कारण त्यांना रोगापेक्षा गावाचे बोलणे जड वाटते. "हिच्यामुळं आमच्या कोंबड्या गेल्या" हे वाक्य ऐकण्याची तयारी कुणाचीच नसते.

पोल्ट्री फार्म चालवणाऱ्या तरुणाची अडचण वेगळी. त्याने कर्ज काढून शेड उभारलेले असते. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. चाळीस-पंचेचाळीस दिवस राबून किलोमागे ठरलेली मजुरी त्याची. एक बॅच गेली की हप्ता थकतो. आणि चिकन सेंटरवाल्याला तर कोणत्याच भरपाईच्या यादीत जागा नाही. या धंद्यात मुस्लिम कुटुंबे आहेत, खाटीक समाजातली आहेत, आता इतर समाजांतली तरुण मुलेही आहेत. रमजान आणि ईद हे त्यांचे कमाईचे दिवस. दुकानात कोंबडी सोलणारा मुलगा रोजचे शंभर पक्षी उघड्या हातांनी हाताळतो. सगळ्या साखळीत खरी जोखीम त्याच्या वाट्याला आहे, पण गावाला काळजी रस्सा खाणाऱ्याची.

मग मोह होतो. आजार दिसताच निरोगी दिसणाऱ्या उरलेल्या कोंबड्या रातोरात बाजारात काढायच्या. स्वस्तात मिळाल्या म्हणून कुणी घेतो, दुसऱ्या गावात नेतो, आणि विषाणू पिंजऱ्यात बसून पुढच्या तालुक्यात जातो. मराठीत म्हण आहे, कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. इथे कोंबडे झाकणारा आपलीच पहाट काळी करतो.

अफवा आणि लपवाछपवी

रोजा म्हणजे फक्त उपाशी राहणे नव्हे, असे रमजानमध्ये प्रत्येक मशिदीत सांगितले जाते. जिभेचाही रोजा असतो, हाताचाही आणि व्यवहाराचाही. या साथीच्या निमित्ताने त्याचा अर्थ फार स्पष्ट दिसतो. कुरआनची शिकवण आहे की बातमी आली तर आधी तिची शहानिशा करावी, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान होते आणि मागाहून पश्चात्ताप होतो. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी आजारी उंट निरोगी उंटांमध्ये नेऊ नयेत, असे बजावले होते. विलगीकरण हा शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल त्यांनी बाहेर काढला आणि तो वर ठेवायला सांगितला, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल, हा प्रसंगही प्रसिद्ध आहे. आपोआप मेलेला पक्षी तर इस्लाममध्ये मुरदार, खाणेही निषिद्ध आणि विकणेही. गावगाड्यातली शहाणी माणसेही हेच सांगत आली आहेत, मेलेले विकू नये आणि ऐकलेले पसरवू नये.

अफवा पसरवणारा खोटी बातमी धावती करतो, लपवणारा खरी बातमी अडवतो. दिसायला ही दोन वेगळी माणसे, पण ती एकमेकांना जन्म देतात. अफवेला घाबरून माणूस लपवतो आणि लपवले म्हणून अफवेला बळ येते. हे चक्र थांबवायचे तर सांगणाऱ्याला सांगणे परवडले पाहिजे. भरपाई वेळेवर देणे आणि पथकाने माणसाशी नीट बोलणे हे सरकारचे काम. सांगणाऱ्याला वाळीत न टाकणे हे गावाचे काम. किवळ्यात वीस कोंबड्या मेल्यावर नमुने गेले, म्हणूनच तालुक्याला कळले. त्या गावाचे नाव टाळण्यासारखे नाही, उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे.

करायच्या गोष्टी फार नाहीत. कोंबडी, कावळा, बगळा, कोणताही पक्षी मेलेला आढळला तर उघड्या हाताने उचलू नये, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे. पक्षी हाताळणाऱ्याला ताप, खोकला, दम लागणे असा त्रास झाला तर डॉक्टरांना आपला कोंबड्यांशी संबंध आला होता हे आवर्जून सांगावे. चिकन सेंटरवाल्याने मुलाला हातमोजे आणि मास्क द्यावा, पिंजरे रोज धुवावेत, मलूल कोंबडी गिऱ्हाइकाला दाखवून बाजूला काढावी. गिऱ्हाइकाने विचारावे, पण संशयाने नव्हे. आणि घरात चिकन पूर्ण शिजवावे, हात आणि सुरी साबणाने धुवावी.

रमजान हा देण्याचाही महिना आहे. जकात आणि फित्र्याचे नियम ठरलेले आहेत, पण सदक्याला धर्माची अट नाही आणि शेजाऱ्याच्या हक्कालाही नाही. ज्या बाईचे खुराडे रिकामे झाले, तिला निर्बंध उठल्यावर चार पिल्ले घेऊन देणे हा फार मोठा खर्च नाही. ती कोणत्या मोहल्ल्यातली वा गल्लीतली, हे विचारण्याचेही कारण नाही. धुळवडीला दिवसभर रंग खेळून एका घरात रस्सा उकळतो आणि रमजानच्या संध्याकाळी मगरिबच्या अजानला दुसऱ्या घरात खजूर फोडले जातात. दोन्ही घरांतले लोक निर्धास्तपणे जेवू शकतात. फक्त उद्या सकाळी कुणाच्या परसात पक्षी मेलेला दिसला, तर ती बातमी झाकली जाऊ नये आणि फुगवलीही जाऊ नये. ती जशी आहे तशी योग्य माणसापर्यंत पोहोचली, की साथीचे अर्धे काम तिथेच अडते.